डोंगराआडच्या गावाला उपग्रहाचं इंटरनेट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फायबर आणि मोबाइल टॉवर न पोचलेल्या गावांसाठी उपग्रह जोडणीचा, म्हणजे छोट्या छत्रीच्या व्हीसॅट यंत्रणेचा पर्याय मांडला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल अशी सहा पत्रं इथे घेतली आहेत. प्रश्न जागेच्या मर्यादेमुळे थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमची आश्रमशाळा भामरागड तालुक्यात आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, आणि फायबर कुठे तुटलं तर दुरुस्तीला माणूस यायला आठवडे लागतात. व्हीसॅट बसवायचं ठरतंय. शाळेच्या तीन बाजूंना सागाची झाडं आहेत. छत्री कुठे लावावी आणि बसवणारे आले की आम्ही काय काय बघून घ्यावं?
— मुख्याध्यापक, भामरागड तालुका

उत्तर : झाडांनी घाबरून जाऊ नका. भूस्थिर उपग्रह आकाशात एकाच जागी असतो, त्यामुळे सगळं आकाश मोकळं लागत नाही, फक्त त्या एका दिशेची खिडकी मोकळी हवी. समजा तुमची सेवा ७४ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-११ वरून आहे. भामरागडहून हा उपग्रह दक्षिणेच्या जरासा पश्चिमेला, म्हणजे उत्तरेपासून मोजल्यास १९९ अंशांवर, आणि क्षितिजापासून ६६ अंश वर दिसेल. ६६ अंश म्हणजे चांगलाच उंच. छत्रीपेक्षा १० मीटर उंच झाड त्या दिशेला साडेचार मीटरपेक्षा लांब असेल तर शेंडा आड येत नाही. तरी फांद्या वाढतात, म्हणून सहा-सात मीटर अंतर धरा. उत्तरेकडची आणि पूर्वेकडची झाडं कितीही जवळ असली तरी चालतील. तुमचा उपग्रह दुसरा असेल तर कंपनीकडून हे दोन कोन लेखी मागून घ्या आणि मोबाइलमधल्या होकायंत्राने स्वतः उभं राहून बघा. गडचिरोलीत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. मात्र पत्र्याच्या छपराखाली किंवा लोखंडी खांबाजवळ होकायंत्र सरळ चुकतं, तिथून चार पावलं लांब उभे राहा.

बसवणारा छत्री उभी करेल तेव्हा ती ६६ अंश वर बघताना दिसणार नाही. ती बरीच आडवी, शाळेच्या भिंतीवरून पलीकडे बघतेय असं वाटेल. ती चूक नाही. या छत्रीचा फीड, म्हणजे छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला लहरी पाठवणारा-घेणारा भाग, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तिची रचनाच साधारण २० ते २२ अंशांनी कललेली असते. मागे कोनमापक लावून मोजलं तर ६६ मधून तेवढे वजा होऊन ४४ ते ४६ अंशांच्या आसपास आकडा यायला हवा.

जागा पत्र्यावर किंवा कौलांवर नको. जमिनीवर ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि पाऊण मीटर खोल खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये पाइप उभा करा आणि सात दिवस पाणी मारल्याशिवाय छत्री चढवू देऊ नका. पाइप ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी ओळंबा धरून बघा. पाइप कललेला असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि बसवणारा तासन्‌तास उपग्रह शोधत राहतो. काँक्रीटची गच्ची असेल तर वजनाच्या स्टँडवर काम होतं, पण दीडएकशे किलोपेक्षा कमी वजन ठेवू नका आणि स्टँडखाली रबर टाका, नाहीतर स्लॅब गळेल.

नेमकेपणा किती लागतो ते समजून घ्या. १.२ मीटरच्या छत्रीचा केयू बँडमधला (व्हीसॅट वापरतं त्या रेडिओलहरींच्या पट्ट्यातला) किरण जेमतेम सव्वा ते दीड अंश रुंद असतो. छत्री एक अंशाने सरकली तर पाठवण्याच्या बाजूला सिग्नल साधारण सहाव्या हिश्शावर येतो. वादळात नट ढिला झाला किंवा माकड बसलं तरी एवढं सरकायला पुरतं. म्हणून शेवटच्या जुळवणीनंतर सगळे नट पान्याने आवळून प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या पट्टीवर एकच सलग रंगाची रेघ ओढून घ्या. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली की काय सरकलंय ते शिक्षकालाही कळेल. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ते आवर्जून करून घ्या.

यानंतर पोलरायझेशन. फीड स्वतःभोवती फिरवून उपग्रहाच्या लहरींच्या पातळीशी जुळवावा लागतो. तुमच्याकडे हा कोन १८ अंशांच्या आसपास येतो. तो चुकला तर तुमचं प्रसारण दुसऱ्याच्या वाहिनीत घुसतं, म्हणून हबचा, म्हणजे कंपनीच्या जमिनीवरच्या मुख्य केंद्राचा, अभियंता आधी चाचणी घेतो आणि पास झाल्यावरच प्रसारणाला परवानगी देतो. अडचण अशी की ही चाचणी बहुधा फोनवर होते आणि फोन लागत नाही म्हणून तर आपण व्हीसॅट लावतोय. स्वयंचलित चाचणी करणारा मोडेम मागा. तो नसेल तर हबशी दिवस आणि वेळ आधी ठरवून घ्या, नाहीतर बसवणारा माणूस परत जातो आणि पुढची फेरी पूर ओसरल्यावर होते.

केबलच्या बाबतीत तीन गोष्टी. पाठवण्याची आणि घेण्याची अशा दोन केबल असतात. त्यांना दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा. पाठवण्याच्या केबलमधून छत्रीवरच्या बीयूसीला (सिग्नल पाठवणाऱ्या भागाला) साधारण २४ व्होल्ट जातात. अदलाबदल झाली तर एलएनबी (सिग्नल घेणारा भाग) जळू शकतो. मोडेम चालू असताना केबल काढू-लावू नका, मधली तार कडेला टेकली तरी शॉर्ट होतो. आणि आरजी-६ केबल ३० मीटरच्या आतच ठेवा, जास्त लांबी हवी असेल तर आरजी-११ घ्या.

पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ ढगात नसतं, ते केबलच्या जोडात असतं. आत शिरलेलं पाणी तांब्याला हिरवं करतं आणि सिग्नल दर आठवड्याला थोडा थोडा उतरतो. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे वरचा पदर खालच्यावर कौलासारखा बसेल. इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जाईल. फीडच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण तडकलंय का ते मे महिन्यात बघा. गांधीलमाश्या आत घर करतात. झाकण पुसायचं असेल तर आधी मोडेम बंद करा. प्रसारण चालू असताना फीड आणि छत्रीच्या मध्ये हात किंवा डोकं घालायचं नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.

खऱ्या मुसळधार पावसात केयू बँडचा सिग्नल क्षीण होणारच. चांगली यंत्रणा अशा वेळी वेग कमी करून जोडणी टिकवते आणि पाऊस सरला की वेग परत वाढवते. पंधरावीस मिनिटं पूर्ण बंद पडणंही स्वाभाविक आहे. पाऊस थांबून तास झाला तरी जोडणी आली नाही, तर मात्र दोष छत्रीचा, जोडाचा किंवा विजेचा आहे.

प्रश्न : धडगावजवळच्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हीसॅट आहे. स्पीड टेस्ट १० एमबीपीएस दाखवते, पण कार्यालयाचं पोर्टल उघडायला मिनिटं लागतात, मध्येच ‘सेशन संपलं’ म्हणून बाहेर फेकतं. व्हिडिओवर तज्ज्ञांशी बोलताना दोघं एकदम बोलतो. कंपनी म्हणते लाइन ठीक आहे. खरं कोण?
— वैद्यकीय अधिकारी, नंदुरबार जिल्हा

उत्तर : दोघंही खरे आहात. वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर आहे. तुमची विनंती वर जाते, खाली हबला येते, उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली. ही चार टप्प्यांची वाट प्रकाशाच्या वेगानेही अर्ध्या सेकंदाची आहे, प्रत्यक्षात ०.६ सेकंद धरा. पोर्टलचं एक पान म्हणजे चाळीस-पन्नास फायली. प्रत्येकीसाठी विचारणा, पोच, सुरक्षिततेची देवाणघेवाण. अर्धा-अर्धा सेकंद साचत जातो.

दुसरं कारण व्हीपीएन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून कार्यालयापर्यंत नेणारी सोय, असण्याची दाट शक्यता आहे. इंटरनेटवर माहिती पाठवणारं यंत्र थोडा भाग पाठवून पोच येईपर्यंत थांबतं. जुन्या पद्धतीने एका वेळी ६४ केबी पाठवून ०.६ सेकंद थांबलं, तर लाइन कितीही मोठी असो, वेग ९०० केबीपीएसच्या पुढे जात नाही. व्हीसॅट मोडेम ही अडचण ओळखून स्थानिक पातळीवरच खोटी पोच देतो आणि वाट बघणं वाचवतो. व्हीपीएन लावलं की सगळं कुलूपबंद होतं, मोडेमला आतलं दिसत नाही आणि ही युक्ती चालत नाही. म्हणून असं करून बघा : व्हीपीएन बंद करून तेच पोर्टल उघडा. फरक पडला तर जिल्ह्याच्या तांत्रिक विभागाकडे लेखी मागणी करा की व्हीपीएन तुमच्या संगणकाऐवजी कंपनीच्या हबपासून पुढे सुरू करावं. सेशनची मुदत वाढवण्याची मागणीही त्याच पत्रात करा. परस्पर व्हीपीएन कायमचं काढून टाकू नका, रुग्णांची माहिती उघडी पडेल.

व्हिडिओ सल्ल्यासाठी ५१२ केबीपीएस पुरतात. चित्राची गुणवत्ता हाताने कमी करा, त्या अर्ध्या तासात इतर फोन वायफायवरून उतरवा आणि बोलणं संपल्यावर ‘झालं’ म्हणायची सवय दोन्ही बाजूंनी लावून घ्या. एक्स-रे किंवा त्वचेचे फोटो आधी पाठवून ठेवा. व्हिडिओवर धरून दाखवलेल्या फोटोपेक्षा तज्ज्ञांना ते कितीतरी स्पष्ट दिसतात.

तुमचं गाव जवळपास ७४ रेखांशावरच आहे, तेव्हा त्या रेखांशावरचा उपग्रह असेल तर छत्री नेमकी दक्षिणेला, ६४ अंश वर हवी. एवढं एकदा ताडून बघा, म्हणजे छत्रीवरचा संशय फिटेल.

प्रश्न : मेळघाटात आमच्या ग्रामपंचायतीत वीज दिवसातून निम्मा वेळ नसते. सोलरवर हे सगळं चालेल का? एकाने १०० वॉटचं पॅनल पुरेल असं सांगितलं आहे.
— सरपंच, धारणी तालुका

उत्तर : १०० वॉट पुरणार नाही. हिशेब असा. मोडेम आणि छत्रीवरचा भाग मिळून ४५ वॉट, वायफाय १० वॉट, किरकोळ ५ वॉट, एकूण ६०. रोज आठ तास म्हणजे ४८० वॉट-तास, गळतीसकट ६०० धरा. उन्हाळ्यात पाच तासांचं पूर्ण ऊन मिळतं, पण मेळघाटच्या जुलैत दोन-अडीच तास मिळाले तरी पुष्कळ. म्हणून ३३० वॉटचं पॅनल ही कमीत कमी गरज. बॅटरी दोन ढगाळ दिवसांसाठी : लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, तेव्हा १२ व्होल्ट २०० एएच. लिथियम फॉस्फेट घेतली तर १२० एएच चालेल.

इथे एक चूक वारंवार होते. ३३० वॉटचं पॅनल साधारण ३७ व्होल्ट देतं. दुकानदार त्यासोबत स्वस्तातला पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर देतो. तो पॅनलला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो, आणि ३३० पैकी जेमतेम ११५ वॉट हाती लागतात. बॅटरी कधीच भरत नाही, दोष पॅनलला लागतो आणि वर्षभरात बॅटरी मरते. पॅनलचा जास्तीचा व्होल्टेज वाया न घालवणारा ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलरच घ्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

महावितरणची वीज असेल तेव्हा तीही वापरा, पण स्टॅबिलायझरमधून. अर्थिंग स्वतंत्र हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा, ते २ व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त येत असेल तर मोडेम अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो आणि सगळे उपग्रहाला दोष देत बसतात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. विजा कडाडायला लागल्या की दोन्ही केबल मोडेमपासून काढून बाजूला ठेवा, मात्र आधी स्विच बंद करूनच.

आणि एक मनापासूनची विनंती. यंत्राच्या खर्चाबरोबर गावातल्या एका मुलीला किंवा मुलाला मानधन देण्याची तरतूद ठरावात करा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, पॅनलवरची धूळ, मोडेमवरचे दिवे, हे रोज बघणारं माणूस गावातच हवं.

प्रश्न : स्टारलिंक आपल्या जिल्ह्यात येणार असं वाचलं. मग व्हीसॅटवर खर्च करावा की थांबावं? माझा भाचा अमेरिकेत आहे, तो तिकडून संच पाठवायला तयार आहे.
— महा-ई-सेवा केंद्रचालक, वाशिम जिल्हा

उत्तर : भाच्याला नको म्हणून कळवा. भारतात परवान्याशिवाय असा संच बाळगता येत नाही. कस्टममध्ये जप्त होईल, आणि आला तरी इथल्या जाळ्यात नोंद नसल्याने चालणार नाही.

तुम्ही वाचलं ते बरोबर आहे. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांचा उल्लेख आहे. वनवेब या अशाच दुसऱ्या कंपनीचा परवाना त्याहून जुना, २०२१ चा. हे उपग्रह खूप खालून फिरतात, स्टारलिंकचे ५५० किलोमीटरच्या आसपास, वनवेबचे १,२०० वर. त्यामुळे विलंब अर्ध्या सेकंदावरून शंभर मिलिसेकंदांच्या खाली येतो. तुमच्या केंद्रावर अंगठा लावताना वेळ संपण्याचा जो त्रास होतो तो यात बराच कमी होईल.

पण हे उपग्रह सतत सरकत असतात, म्हणून संचाला वरचं जवळपास सगळं आकाश मोकळं लागतं. वाशिमच्या उघड्या माळावर हे सोपं आहे, गडचिरोलीच्या जंगलात मोठी झाडं पाडावी लागतील. तिथे व्हीसॅटची एकच खिडकी बरी. शिवाय संचाला वीजही ५० ते १०० वॉट लागते, म्हणजे वरच्या उत्तरातला सोलरचा हिशेब वाढवावा लागेल. तुमच्या गावात फायबर किंवा चालणारं फोर-जी असेल तर दोन्हींच्या आधी तेच घ्या, ते स्वस्त पडतं. काहीच नसेल आणि केंद्र आज बंद असेल, तर थांबू नका. व्हीसॅट भाड्याने, एक वर्षाच्या कराराने घ्या आणि दुरुस्तीला किती तासांत माणूस येईल ते करारात लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या बोटीवर सरकारने दिलेला ट्रान्सपॉन्डर बसवला आहे. पोरं म्हणतात यावर व्हॉट्सॲप चालेल. चालतं का?
— बोटमालक, पालघर जिल्हा

उत्तर : नाही. हे इंटरनेट नव्हे, छोट्या संदेशांची दुहेरी सोय आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच या योजनेचा देशभरासाठी प्रारंभ झाला, एक लाख बोटींचं उद्दिष्ट ठेवून. संदेश इस्रोच्या उपग्रहावरून एस बँड या रेडिओलहरींच्या पट्ट्यात जातात. हा बँड पावसाला फारसा बधत नाही आणि बोट हलली तरी छत्री रोखून धरावी लागत नाही, म्हणून समुद्रासाठी तो निवडला आहे. फोन ब्लूटूथने ट्रान्सपॉन्डरला जोडून ‘नभमित्र’ ॲपमधून संदेश वाचता-लिहिता येतात. वादळाचा इशारा आणि संकटाची हाक, दोन्ही मोबाइलच्या रेंजबाहेर चालतात. अँटेनावर जाळी, ताडपत्री किंवा लोखंडी पत्रा येऊ देऊ नका. दर फेरीआधी बंदरातच एक चाचणी संदेश पाठवून पोच येते का ते बघा, आणि संकटाचं बटण कुठे आहे हे खलाशांपैकी प्रत्येकाला दाखवा, फक्त तांडेलाला नव्हे.

प्रश्न : आमच्या शाळेतलं व्हीसॅट मार्चमध्ये चार-पाच दिवस रोज दुपारी बंद पडायचं आणि काही मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत तेच. आकाश निरभ्र होतं. मोडेम बदलावा का?
— विज्ञान शिक्षिका, गडचिरोली जिल्हा

उत्तर : मोडेम उत्तम आहे. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्यही रेडिओलहरी फेकतो आणि तुमच्या छत्रीला उपग्रहाचा क्षीण आवाज त्या गोंगाटात ऐकू येत नाही. आपल्या अक्षांशावर हे ११-१२ मार्च आणि १-२ ऑक्टोबरच्या मागेपुढे घडतं. उपग्रह ७४ रेखांशावर असेल तर तुमच्या जिल्ह्यात वेळ मार्चमध्ये दुपारी पावणेएकच्या आणि ऑक्टोबरमध्ये साडेबाराच्या सुमारास येते. १.२ मीटरच्या छत्रीला रोज जास्तीत जास्त सात-आठ मिनिटांचा फटका बसतो. त्या काळात छत्रीचा एकही नट सैल करू नका. ‘सिग्नल गेला’ म्हणून कोणीतरी छत्री हलवतं आणि सूर्य सरकल्यावरही जोडणी परत येत नाही, असं होऊन बसतं. परीक्षेचं किंवा प्रशिक्षणाचं वेळापत्रक लावताना ती पंधरा मिनिटं मोकळी सोडा.

तुम्ही विज्ञान शिकवता, तर या दिवसांचा एक छान उपयोग आहे. नेमक्या त्या मिनिटांना मुलांना छत्रीजवळ न्या, पुढे उभं न करता बाजूला, आणि सावल्या बघायला सांगा. सूर्याकडे कोणी बघायचं नाही. त्या क्षणी सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात, तेव्हा छत्रीवर एखाद्या फांदीची सावली पडली असेल, तर तीच फांदी वर्षभर तुमचा सिग्नल खाते आहे. तिच्यावर खडूने खूण करून ठेवा आणि त्याच आठवड्यात ती छाटून घ्या, कारण पाऊस सुरू झाला की तिची पानं दुप्पट होतात आणि ओलं पान कोरड्या पानापेक्षा जास्त सिग्नल अडवतं.